रविवारचा रस्ता

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. आयुष्यभर तेवढंच केलं. शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका बघायच्या आणि आवाज चढवायचा नाही, हा धंदा. गाडीत ह्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे. शिकणाऱ्याचा गोंधळ उडाला की हे तो दाबतात आणि म्हणतात, "हरकत नाही. पुन्हा." घरीही तेच. दूध उतू गेलं, हरकत नाही. नळ गळतोय, हरकत नाही. कधीकधी वाटतं, एखादं भांडं ह्यांच्या डोक्यात घालावं आणि बघावं, तेव्हा तरी काही हरकत येते का!

परवाना हातात पडला की लोक ह्यांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. सिग्नलला शेजारी गाडी थांबते, आतला माणूस ह्यांचाच विद्यार्थी असतो आणि मख्खासारखा समोर बघतो. माझा तिळपापड होतो. हे म्हणतात, "अगं, समोरच बघायला शिकवलंय मी."

मी घरीच कपडे दुरुस्तीची कामं घेते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, वजन वाढलेल्यांचे ब्लाउज उसवून सैल करणं. आम्हाला मुलगी एकच. मागच्या वर्षी ती दवाखान्यात भरती झाली आणि तिथेच संपली. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. "ते झाल्यापासून" असं म्हणायचं. ते झाल्यापासून हे गोड खात नाहीत, ते झाल्यापासून पुढची खोली बंद असते. रडलं कुणीच नाही. लोक भेटायला आले, मी चहा केला, कपबशा विसळल्या, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल जसा आपला नसल्यासारखा होतो, तसं अख्खं अंग झालं होतं. मी निर्दय आहे म्हणून नव्हे. काही लागतच नव्हतं.

तिची मुलगी ठमी, चार वर्षांची. बापाला जवळ घ्यायचं सुचत नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे आली. जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहेत. मुळात घुमा माणूस, त्यात हे असं झालेलं. दिवसाची पाळी संपली की दुसऱ्याची पाळी मागून घ्यायचे. ठमीला सुरुवातीला आम्ही सांगितलं, आई दवाखान्यात आहे. तिने काही दिवस विचारलं. मग विचारायची थांबली. ती थांबली, मग आम्हीही त्यावर काही बोललो नाही.

मग एक दिवस जावई आले, चपला न काढता दारातच उभे राहिले. म्हणाले, "आई, शाळा सुरू झाली की ठमीला नेतो. ताई राहायला आलीय माझ्याकडे. शाळा घराजवळच आहे." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मी म्हटलं, "न्या की, तुमचीच आहे." आणि आत जाऊन भाजी चिरत बसले. ह्यांना म्हटलं, "पोरगी तयार नाही अजून. तिला काही म्हणजे काही येत नाही."

"येईल," हे म्हणाले.

तेव्हापासून घरात दोन शाळा भरायला लागल्या. सकाळी माझी. धाग्याची रिळं मांडून रंग, बटणं मोजून आकडे, कापडावर खडूने गोल आणि चौकोन. दुपारी ह्यांची, उभ्या गाडीत, काचा खाली करून. दोन्हींची पार खिचडी झाली. मी लाल रीळ दाखवून विचारायचे, "हे काय?"

"थांबा."

"अगं रंग सांग, रंग."

"थांबाचा रंग."

आकडे म्हणायला सांगितले तर, "पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स." पलंगावरून उतरायच्या आधी आरशात बघितल्यासारखं करायची, हात बाहेर काढायची, मान वळवून मागे बघायची आणि मग उतरायची. बाथरूमला घाई लागलेली असली तरी! ह्यांना म्हटलं, "अहो, माणूस करताय की ड्रायव्हर?" हे म्हणाले, "मागून कुणी येतंय का बघितलं तर बिघडलं कुठे?"

एक गोष्ट मी तिला शिकवली नाही, ती म्हणजे बटण लावणं. शिवणकाम करणाऱ्या बाईची नात आणि फ्रॉकचं बटण लागत नाही! शाळेत अशी मुलगी घेणार नाहीत, वर्षभर थांबा म्हणतील, असा माझा हिशेब. लबाडी म्हणा. मला तीच एक आशा होती.

आणि रविवार. दर रविवारी हे तिला घेऊन बाहेर पडायचे. विचारलं तर, "तळ्यावर." परत यायचे तेव्हा ठमीच्या हातात पावाचा तुकडा असायचा, बुटात वाळू असायची. मला "येतेस का?" म्हणून विचारायचे. मी जात नव्हते. कुणाच्या लेकी हसतायत, कुणाचे फुगे उडतायत, ते बघायला? मला ह्यांचा संताप यायचा. घरात ते होऊन गेलंय आणि हा माणूस फिरायला जातो, पोरीला पाव खाऊ घालतो, वर शीळ घालत जिना चढतो. म्हटलं, ह्यांचं बरं आहे. ह्यांच्या पायाशी ब्रेक आहे, दाबला की सगळं जागच्या जागी.

एकदा ठमीला विचारलं, "तळ्यात बदकं होती का गं?"

ती म्हणाली, "कुठलं तळं?"

"अगं, आज कुठे गेला होतात?"

"सरळ, मग गोल चौकातून उजवीकडे," ती म्हणाली आणि पाव खात बसली. मी जास्त खोदून विचारलं नाही. तेव्हा कशातच लक्ष नसायचं.

मग तो दिवस आला. शाळेने तिला घेतलं होतं. बटणाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. जावई म्हणाले, मी येतो न्यायला. हे म्हणाले, "नको, आम्ही आणून सोडतो." मी तिची बॅग भरली. फ्रॉक, स्वेटर, रिळं, खडू. घड्या घालताना हात आपोआप चालत होते, मी बाजूला उभी राहून बघावं तसे. ह्यांनी विचारलं, "येतेस ना?" ह्या वेळी नाही कसं म्हणणार?

मी पुढे बसले, ठमी मागे. गाडी निघाली तशी ही बाई मागून हुकूम सोडायला लागली. "आता दुसरा टाक. आता डावीकडे. तिथे खड्डा आहे, हळू." आणि रस्ता मला नवीन होता. ते झाल्यावर जावयांनी घर बदललं होतं, तिथे मी एकदाही गेले नव्हते. हिला मात्र प्रत्येक वळण पाठ.

मधेच गाडी एका पावाच्या दुकानासमोर थांबली. गल्ल्यावरची बाई बाहेरच आली. "आल्या का ड्रायव्हरबाई? आज उशीर! आणि ह्या कोण, आजी वाटतं?" ठमीने हात पुढे केला, बाईने गरम पाव ठेवला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचे कान लाल झाले होते.

"ही बाई हिला कशी ओळखते?"

ह्यांनी पहिला गिअर टाकला.

पुढे बाग आली. वाळूचा हौद, घसरगुंडी, फाटकावर रखवालदार. ठमीने खिडकीतून हात हलवला, त्याने काठी वर केली. मग शाळेची भिंत आली. "हे माझ्या शाळेचं फाटक," ती मला म्हणाली, "हिरवं. म्हणजे जा."

मला तेव्हा सगळं कळलं. तळं नव्हतंच. दर रविवारी हा माणूस तिला इकडे घेऊन येत होता. ह्याच दुकानात, ह्याच वाळूत.

"मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला.

"तू येऊ दिलं नसतंस." हे समोर बघत म्हणाले. "परीक्षेचा रस्ता आधी दाखवावा लागतो गं. नवीन रस्त्यावर माणूस घाबरतो. मोठी माणसं घाबरतात, ही तर एवढीशी."

मी तिला ठेवून घ्यायला बघत होते आणि हे तिला जायला शिकवत होते. राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही.

जावई आणि त्यांची बहीण इमारतीच्या पायरीशी उभे होते. ठमी आरशात बघितल्यासारखं करून, मान वळवून, स्वतःहून खाली उतरली. बॅग जावयांनी घेतली. मला वाटलं होतं, आता गळ्यात पडेल, पदर सोडणार नाही. कसलं काय! पायरीवर जाऊन उभी राहिली आणि हसत हसत हात हलवला. "टाटा! टाटा!"

"किती शहाणी आहे हो," जावयांची बहीण म्हणाली.

हे गाडीत बसले. मी बसले. गाडी निघाली. रस्त्याच्या टोकाला, कोपऱ्यावर, ह्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी थांबवली.

"काय झालं?"

"ती थांबलीय," हे आरशात बघत म्हणाले.

मी मागे वळून बघितलं. ठमी अजून पायरीवरच होती. जावई तिचा हात धरून आत ओढत होते आणि ती कोपऱ्याकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी समजावत होती.

"कशासाठी थांबलीय?"

ह्यांचे हात स्टिअरिंगवर होते. "दर रविवारी, जावई कामावर असताना, मी तिला तिथे उतरवायचो. टाटा करायला शिकवायचो. मग कोपऱ्यापर्यंत यायचो आणि वळून परत जायचो तिला घ्यायला." त्यांनी पुन्हा आरशात बघितलं. "टाटा छान करते आता."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "अहो, मग पुढचं?"

"पुढचं शिकवायचं राहिलं," हे म्हणाले. त्यांनी 'हरकत नाही' म्हटलं नाही. गाडी वळली. ह्यांनी वळवली की हात सवयीने वळले, देव जाणे. पायरीशी येऊन थांबली. ठमीने दार उघडलं, मागच्या सीटवर चढली आणि म्हणाली, "चला."

जावई वाकून आत बघत होते, त्यांना काही कळेना. हे समोर बघत बसले होते. कुणीतरी बोलायला हवं होतं आणि कुणी बोलणार नव्हतं. आमच्या घराची रीतच ती. मी उतरले, मागचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसले.

"ठमे, आज आम्ही दोघंच घरी जाणार. तू इथे राहायचंस, बाबांकडे."

"मग कोपऱ्यावरून येणार ना?"

"नाही. कोपऱ्यावरून नाही. रविवारी येणार."

तिने माझ्याकडे बघितलं. पाव हातात तसाच. "आई पण म्हणाली होती, येते."

जावई सरळ उभे राहिले. आता आतून मला त्यांचा शर्टच दिसत होता, त्याचं एक बटण सुटलेलं. ह्यांनी मान खाली घातली.

"आई नाही येणार," मी म्हटलं. "आई मेली, ठमे. दवाखान्यात मेली. ती कधीच येणार नाही. आम्ही येणार."

तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला. मलाच ऐकू आला.

"कधीच?"

"कधीच."

"आणि तुम्ही?"

"रविवारी. नक्की."

तिने विचार केला. ओठ थरथरला, मग हनुवटी, आणि मग तिने असं भोकाड पसरलं की वरच्या खिडक्या उघडल्या. पुढच्या सीटला लाथा मारल्या. मला मारलं. पाव माझ्या पदराला चुरगाळला. जावई तिथेच पायरीवर बसले आणि गुडघ्यांत तोंड घालून लहान मुलासारखे रडायला लागले. पुढे ह्यांचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी तिला धरून ठेवलं होतं. ती माझ्या छातीवर डोकं आपटत होती आणि मला ते लागत होतं. खूप लागत होतं. माझी लेक मेली होती आणि मला ते आता, परक्या गल्लीत, शिकाऊ पाटीच्या गाडीत बसून लागत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. जावयांची बहीण पाणी घेऊन आली. ठमी पाणी प्यायली, हुंदके देत देत खाली उतरली आणि बापापाशी गेली. जावयांनी तिला उचललं. पहिल्यांदाच नीट उचललं, दोन्ही हातांनी.

मी पुढे येऊन बसले. ह्यांनी गाडी सुरू केली. ठमी बापाच्या खांद्यावरून खिडकीपाशी वाकली. नाक वाहत होतं, डोळे सुजले होते.

"आजोबा," ती म्हणाली, "आता कोपऱ्यावर वळू नकोस. सरळ जा."

ह्यांनी मान हलवली, आणि आम्ही सरळ गेलो.