हाकेच्या नावाचा रकाना

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. तोंडही तसंच सुटतं. बेबीनंदा साळवेसमोर मी जे बोललो, ते आठवलं की आजही माझं मलाच बरं वाटत न्हाई.

जालन्यात आमची बियाण्याची कंपनी. मी साहेबराव, डिस्पॅचला. बेबीनंदा १९८३ साली बी निवडायला रोजंदारीवर आल्ती. शिक्षण सातवी, पण अक्षर बघत राहावं असं. म्हणून मालकांनी, काकासाहेबांनी, तिला शेडमधून उचलून रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. वीस वर्षांत तिनं सगळे कागद रुमालांत बांधले. राजूरकडचे लाल, परतूरचे हिरवे, शहागडचे पिवळे. आणि प्रत्येक कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. मला वाटायचं, बाईला रिकामा वेळ फार.

२००३ साली काकासाहेबांनी मनावर घेतलं की सगळे कागद कॉम्प्युटरमध्ये घालायचे. सॉफ्टवेअर विकणारे तिघं जण बोलावले. मीटिंगमध्ये काकासाहेब सरळ बोलून गेले, "मंग रेकॉर्डची खोली लागत न्हाई. बेबीबाई, तुम्ही परत निवडणीच्या शेडमध्ये."

आणि मी दीडशहाणा वर म्हणालो, "बराबर हे मालक. रुमालाचा जमाना गेला आता."

बाईचा चेहरा खर्रकन उतरला. वीस वर्षांनी पुन्हा तिथंच, धुळीत, मांडी घालून बसायचं. पण रडली बिलकुल न्हाई. "जाईन मालक," ती म्हणाली, "पण सॉफ्टवेअर भाषणावर घेऊ नका. तिघांना राजूरच्या एकाच रुमालाच्या झेरॉक्स द्या, दोन्ही बाजूंच्या. आठ दिवसांनी मी कागद मागीन, त्यांनी काढून दाखवावा. जो काढील, त्याचं घ्या."

"मागा की!" काकासाहेब हसले.

त्या आठ दिवसांत दोघं जण फिरकलेसुद्धा न्हाईत. तिसरा परतूरचा धर्मराज, कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. तो दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डच्या खोलीत हजर. "ताई, पाठीमागं पेन्सिलीनं काय लिहिलंय हे?" मंग तीन दिवस तिच्याजवळ स्टुलावर बसून होता. जाता-येता मला वाटायचं, ही दोघं चहा पिऊन राह्यली नुसती.

दाखवायच्या दिवशी बाईनं राजूरहून रामकिसनला बोलावून घेतलं. आमच्या कंपनीसाठी बियाणं पिकवणारा जुना शेतकरी. त्याला म्हणाली, "भाऊ, ऑफिसात येऊन मागता तसंच मागा."

रामकिसन टोपी सावरत म्हणाला, "माझ्या कापसाच्या प्लॉटचा तपासणीचा कागद पायजे. अठ्ठ्याण्णव सालचा. चिंचंखालच्या इहिरीचा."

पहिल्या कंपनीचा टायवाला माणूस. भिंतीवर पडदा, रंगीत चित्रं, काय थाट! रामकिसनचं नाव टाकलं. काही न्हाई. वडलांचं नाव, आडनाव टाकलं. तरी न्हाई. "हा कागद आम्हाला दिलेलाच नाही," तो म्हणाला.

बाई उठली, लाल रुमाल सोडला आणि सातवा कागद काढून टेबलावर ठेवला. "दिलाय. कागदावर नाव गोजरबाईचं हे, यांच्या मायचं. जमीन मायच्या नावावर, कसणार लेक. आपल्याकडं निम्मे प्लॉट असेच हेत. पण शेतकरी येतो तो स्वतःचं नाव सांगत."

दुसऱ्याचंही तेच झालं. वर म्हणतो कसा, "शेतकऱ्यांनी प्लॉटचा नंबर पाठ करून यायला हवं."

झालं! माझं डोकं फिरलं. "ओ साहेब, तो कागद मागायला आला, परीक्षेला न्हाई!" बेबीनंदानं चमकून माझ्याकडं पाहिलं.

मंग धर्मराज उठला. पडदा न्हाई, चित्रं न्हाई. त्यानं मराठीत टाइप केलं: रामकिसन, राजूर, चिंच. एंटर मारलं आणि गोजरबाईचा कागद समोर! एका रकान्यात कागदावरचं नाव, शेजारी दुसरा रकाना, 'हाकेचं नाव', त्याच्यापुढं 'खूण'. बाईनं कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं आत घातलं होतं पठ्ठ्यानं.

"माझाच हे!" रामकिसन ओरडला. मी टाळी कधी वाजवली, मलाच कळलं न्हाई.

काकासाहेब म्हणाले, "ठरलं. हेच घ्यायचं. बाकीचे रुमाल कोण भरणार, धर्मराज?"

"मालक, पेन्सिलीचं अर्धं पुसलंय. ते ताईंच्या डोक्यात हे. ताई न्हाईत तर माझं सॉफ्टवेअरही न्हाई."

काकासाहेबांनी शिपायाला हाक मारली. म्हणाले, "माझ्या केबिनमधली फिरती खुर्ची रेकॉर्डच्या खोलीत नेऊन ठेव." निवडणीच्या शेडमधल्या बाया ती खुर्ची बघायला रांगेनं येऊन गेल्या. बेबीनंदा त्यांना एकेकीला तिच्यात बसवत होती.

दोन वर्षांनी मला माझं नेमणुकीचं पत्र लागलं. साल आठवेना. वीस वर्षांपूर्वीचा कागद, म्हटलं आता कुठला सापडतोय. खोलीत गेलो. बाईनं मला नाव विचारलं न्हाई, साल विचारलं न्हाई. तीन अक्षरं टाइप केली, आणि माझं पत्र प्रिंटरमधून बाहेर.

"काय टाकलं हो, बेबीताई?"

तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. हाकेचं नाव: फटाका.

"शेडमध्ये तुम्हाला सगळ्या हेच म्हणत्यात, साहेबराव," ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

माझं डोकं तापायला पायजे होतं. पण मी हसत सुटलो, आणि ती त्या फिरत्या खुर्चीत मागं रेलून माझ्याहून जोरात हसली.