कोवळ्या वयाचा उमेदवार

माझा धाकटा भाऊ कवळ्या करतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई लोकांच्या जबड्यांची मापं पाठवते. हा त्यांवरून प्लास्टरचे साचे काढतो, मेणात एकेक दात रोवतो, गुलाबी हिरडी चढवतो आणि घासून घासून गुळगुळीत करतो. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना, त्यामुळे घरभर पांढरी धूळ. मी वरच्या मजल्यावर राहते, पण दिवसभर खालीच असते, कारण या घरात कुणीतरी खरं बोलायला हवं.

भावाचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा. त्याला सगळी गल्ली 'उमेदवार' म्हणते. कॉलेज संपवून पोरगा घरी आला, तेव्हा बाप म्हणाला, "हे उमेदीचं वय आहे. माझ्याकडे उमेदवारी कर, हात तयार होईल."

पोरगं दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालं, "बाबा, विशी म्हणजे आयुष्याचा पाया. तो मी दुसऱ्यांच्या दातांत घालवू?"

समोरच्या न्हाव्याने हे ऐकलं आणि बारसं उरकून टाकलं.

मग सुरू झालं पाया खणणं. पहाटे उठून गार पाण्याने आंघोळ करायची, कारण यशस्वी माणसं तशी करतात. आंघोळ झाली की पांघरूण घेऊन पुन्हा झोपायचं. यशस्वी माणसं ते करतात की नाही, हे काही त्याने सांगितलं नाही. दुपारी आरशासमोर हसायचा सराव. संध्याकाळी हस्तांदोलनाचा, आणि त्याला गिऱ्हाईक मी.

"आत्या, हात दे. पकड कशी वाटते?"

"ओल्या फडक्यासारखी."

"तू नकारात्मक आहेस, आत्या."

एकदा फर्निचरच्या दुकानात कामाला लागला होता. महिना भरायच्या आत सोडून आला, कारण तिथे म्हणे वाढीला वाव नव्हता. घरी मात्र वाव भरपूर होता, तो त्याच्या पोटाकडे बघून कळायचा. मग त्याने स्वतःची कार्डं छापून घेतली. नावाखाली ठळक अक्षरात 'संस्थापक'.

"कशाचा रे?" मी विचारलं.

"ते पुढे ठरतं. आधी माणूस घडावा लागतो."

माणूस घडत होता आणि बाप झिजत होता. इतका पाया खणला की आता पाणी लागेल असं मला वाटायचं, पण वर एक वीट चढेना. इकडे भावाचा उजवा हात कापायला लागला. मेणातला दात सरळ बसवायचा तर श्वास रोखून डाव्या हाताने उजवं मनगट धरायला लागायचं. डॉक्टरीणबाई शहाणी. तिने काम कमी केलं, बंद नाही केलं. पण एक दिवस स्वतः येऊन म्हणाली, "काका, तुमच्यासारखं काम दुसरीकडे होत नाही. पण तुमच्यामागे कोण? कुणीतरी हाताशी धरा, नाहीतर मला दुसरी सोय बघावी लागेल."

भाऊ म्हणाला, "मुलगा आहे ना."

मुलगा आरशासमोर होता.

मी त्या रात्री भावाला म्हटलं, "कानाला धरून बसव त्याला." तर म्हणे, "जबरदस्तीने दात बसत नाहीत, ताई. टोचतात." एवढी अक्कल असलेल्या माणसाच्या पोटी हे रत्न कसं आलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तिशी ओलांडल्यावर उमेदवाराला कळलं की आपण एवढं घडलोय, तर आता दुसऱ्यांना घडवावं. वाचनालयाच्या वरची खोली मिळवली. व्याख्यानाचा विषय, तरुणपणाचं सोनं कसं करावं. आपण ते कसं केलं, याबद्दल अर्थातच काही बोलायचं नव्हतं. जाहिरातीचा कागद लिहून छापखान्यात दिला: 'कोवळ्या वयाच्या लोकांसाठी मोफत! संधी सोडू नका.' खाली वाचनालयाची खोली, वेळ आणि संपर्काला घरचा पत्ता.

छापखानेवाला आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या तोंडात वरची आणि खालची, दोन्ही माझ्या भावाच्या हातच्या. त्याने पत्ता वाचला, 'कोवळ्या' वाचलं, आणि शिकलेल्या पोरांना शुद्धलेखन येत नाही म्हणून हळहळला. आपलेपणाने त्याने एक काना आणि एक मात्रा उडवली. गावभर कागद वाटले गेले: 'कवळ्या वयाच्या लोकांसाठी मोफत!'

व्याख्यानाला खोली खच्चून भरली. जिन्यावर काठ्यांचा खडखडाट. बोळक्या तोंडाची म्हातारी-कोतारी एकमेकांना धरून वर चढत होती. एक आजोबा पुढच्या रांगेत बसल्या बसल्या तोंड उघडून तयार. उमेदवार क्षणभर चरकला. पण अडचणीत संधी शोधायची असते ना! त्याने ते आरशातलं हसू काढलं आणि पाठ केलेलं सुरू केलं.

"मित्रांनो, आजपासून दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

मग तोंड उघडून बसलेल्या आजोबांनी ते मिटलं आणि काठीने छताकडे दाखवलं.

मी इतकी हसले की मला बाहेर जाऊन बसावं लागलं. आतून आवाज येत होता: "उशीर झालेला नाही! आजच पाया घाला!" एक आजीबाई शेजारणीला विचारत होत्या, "माप कधी घेणार गं?"

शेवटी तिथे माप घेणारं कुणी नाही हे कळल्यावर चार शिव्या हासडून सगळे उठले. पण दातांवाचून माणसाचे हाल खरेच असतात. आपल्याला नीट चावता येत नाही, हे इतक्या जणांना एकदम आठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांतले बरेचसे डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात रांगेने बसले, मोफत नको, पण चांगली करून द्या म्हणत.

डॉक्टरीणबाई धावत आमच्याकडे आली. एवढं काम भावाकडे कधी आलं नव्हतं. म्हणाली, "काका, सगळं तुम्हालाच देते. हा शिकेपर्यंत मी लोकांना थांबवते, त्यांना घाई नाही. पण तो बसणार असेल तरच. उद्यापर्यंत सांगा. नाहीतर आता सगळंच काम शहरातल्या मोठ्या कारखान्याकडे जाईल, तुमचं नेहमीचंसुद्धा."

ती गेल्यावर भावाने हात धुतले, पुसले. इतक्या वर्षांत कधी थेट विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी विचारलं. आवाजात अजीजी होती. बापाने मुलाशी असं बोलू नये.

"बसशील का रे माझ्याजवळ? मी हळूहळू शिकवीन."

उमेदवार खरंच विचारात पडला. चेष्टा नाही, मनापासून विचार केला त्याने. आणि मग बापाच्या खांद्यावर हात ठेवून, समजूत घालावी तसा म्हणाला, "बाबा, बसलो असतो. पण हाताची कला शिकायची ती विशीत. त्यानंतर बोटं वळत नाहीत. काल व्याख्यानात मी हेच तर सांगितलं."

मला त्याच्या थोबाडीत द्यायची होती. सगळे दात घशात गेले असते तर बापाने नवे करून दिले असते. पण भावाने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून मी हात आवरला.

मग भावाने डॉक्टरीणबाईला फोन लावला. फोन धरलेला हात कापत होता. ती पलीकडून काहीतरी विचारत होती, बहुतेक तुम्हाला नाही झेपणार का, असं.

"नाही हो, माझं काय, मी अजून केलं असतं," भाऊ म्हणाला. "पण मुलाचं वय झालं."