पैलवानाच्या अंघोळीचं पाणी

नातू जपानी चित्रांचं पुस्तक वाचत पडला होता. त्यातल्या पैलवानानं एका ठोशात डोंगर फोडला होता.

"आजी, याला कुणीच हरवू शकत नाही."

"मग तो दिवसभर करतो काय?" मी विचारलं. तो पान उलटून पुढं वाचू लागला. मला मात्र आष्ट्याचं आमचं अंगण आठवलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची जत्रा होती. माझे धाकटे दीर पैलवान. कुस्ती करून आलेल्या माणसाच्या केसांत, कानांत, नखांत लाल माती भरलेली असते, म्हणून मी दुपारीच अंगणात बंब पेटवला होता. ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांत जात होता.

हलगी वाजवत मंडळी आली. फेटा बांधलेले दीर पुढे होते. मैदानात पैलवान हात वर करून फिरतो आणि ज्याला लढायचं तो त्याचा हात धरतो. दिरांनी त्या दिवशी फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या होत्या, पण हात कुणी धरला नव्हता.

"कुणाची छातीच झाली न्हाई!" सासरे येईल त्याला सांगत होते. मी साखर वाटली.

दीर बंबापाशी येऊन थांबले. झाकणावर हात ठेवून म्हणाले, "वैनी, पाणी ऱ्हाऊ द्या. आंगाला माती कुटं लागलीया?"

मी हसले. मला तेव्हा तो रुबाब वाटला. वर्षभर पहाटे उठून कमावलेलं अंग ते तसंच कोरं परत घेऊन आले होते.

तापलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी त्यात धुणं भिजवलं.