सहदेवची लाट

बळवंत तांडेलांच्या गोष्टीतला निम्मा भाग समुद्राला सोडून द्यावा आणि उरलेल्यावर विश्वास ठेवावा, असं वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांच्या जाळ्यात कधीकाळी सापडलेली घोळ मासळी दर शिमग्याला वीतभर वाढायची. लाटा आधी घराएवढ्या होत्या, मग माडाएवढ्या झाल्या, आणि पलीकडे लोखंडवाल्यात टॉवर उठले तशा त्याही उठल्या. "तांडेल, आज लाट कितव्या मजल्यावर?" नाक्यावरची पोरं विचारायची. तांडेल हसायचे आणि आणखी एक मजला चढवायचे. आता गुडघे गेले, होडी मुलाकडे गेली, तोंड मात्र अजून दर्यावरच होतं.

त्यांची सून नेत्रा शाळेत इंग्रजी शिकवते, आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कोळीवाड्यातल्या मुलांना फुकट शिकवते. इंग्रजीत सगळ्या गोष्टींना नुसतं 'स्टोरी' म्हणून भागत नाही, हे तिला मुलांच्या गळी उतरवायचं होतं. पुस्तकातलं सगळं डोक्यावरून जाऊ लागलं, तेव्हा तिने सरळ वाड्यातल्या म्हाताऱ्यांनाच बोलावलं. त्यांनी गोष्ट सांगायची, मुलांनी तिला शब्द लावायचा.

प्रेमामावशीने कावळ्याला फसवणाऱ्या चिंबोरीची गोष्ट सांगितली. प्राणी बोलतात, शेवटी शहाणपण; मुलं ओरडली, "फेबल!" माणिककाका एकदा दुसऱ्याच्याच वरातीत घामाघूम होईपर्यंत नाचले होते, ते त्यांनी सांगितलं. छोटी, खरी, स्वतःवर बेतलेली. "ॲनेकडोट!"

मग तांडेलांनी आपली घोळ काढली. ती आज होडीपेक्षा लांब निघाली. नेत्रा हसत म्हणाली, "ही यार्न. खलाशी फावल्या वेळात ताणून ताणून सांगतात ना, ती. खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी मजा येते. आपल्या बाबांच्या सगळ्याच गोष्टी यार्न!" तांडेलही हसले. शब्द अंगाला बरोबर बसला होता, मग तक्रार कसली?

"आता सहदेवआजोबांची सांगा ना!" मागून एक पोरगी ओरडली.

तांडेलांचं हसू मावळलं. सहदेव त्यांचा थोरला भाऊ. आणि त्याची बायको, सुंदराबाई, समोरच भिंतीला टेकून बसली होती.

सहदेव म्हणजे खाडीपलीकडच्या मढपर्यंत पोहत जाऊन परत येणारा गडी. तो गेला त्या दिवशी वारा नव्हता, वादळ नव्हतं. पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट. जाळं सोडताना दोरीचा वेढा पायात बसला आणि जाळ्याबरोबर तोही खाली गेला. बळवंतांनी उडी मारली, दोर कापला, पण वर आणलं ते प्रेत. एवढा पोहणारा माणूस एवढ्याशा पाण्यात मेला, हे वहिनीला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी सांगितलं, लाट आली, माडाएवढी. पण एकच लाट वाढवली तर ती कुणाच्या तरी डोळ्यावर आली असती. म्हणून पुढे त्यांनी सगळाच दर्या वाढवला. जन्मभर थापाड्या म्हणवून घेतलं आणि वर हसत राहिले. वहिनीवर इतकं प्रेम तिचे सख्खे भाऊही करत नाहीत हो!

आणि आता पोरं या गोष्टीलाही तोच शब्द लावणार होती. वहिनीच्या देखत. मग ती विचारणारच, हे खोटं, तर खरं काय?

"यार्न! यार्न!" पोरांनी गोष्ट सुरू होण्याआधीच गिल्ला केला.

"ही यार्न नाय," तांडेल एकदम कडाडले. "नेत्रा, हिला दुसरा शब्द दे."

नेत्राने सासऱ्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. ती जपून म्हणाली, "लेजेंड म्हणता येईल, बाबा. माणूस खरा असतो आणि लोक त्याची गोष्ट वाढवत नेतात. पण लोकांनी वाढवायला हवी. एकट्यानेच सांगितलेली लेजेंड होत नाही."

"आजोबा, खरंच लाट केवढी होती?" त्या पोरीने विचारलं.

तांडेल फळ्याकडे बघू लागले.

"माडाएवढी!" भिंतीकडून आवाज आला. सुंदराबाई ताठ बसली होती. "आनी निस्ती आली नाय. किनाऱ्यावरचे दोन माड घेऊन गेली. भावजी, गप का? सांगा ना."

तांडेलांनी सांगितली. नेत्राने फळ्यावर 'लेजेंड' लिहिलं.

घरी परतताना दीर-भावजय सावकाश चालत होते. वाटेत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. सुंदराबाई तिथे थांबली.

"त्या दिवशी मी हितंच बोंबील घालत व्हते, भावजी. दर्या समोरच व्हता."

तांडेल खाली बघतच म्हणाले, "मग कधी बोललीस का नाय, वयनी?"

"तुमी रडत रडत लाट सांगत व्हतात," ती म्हणाली. "मना ती मोडवली नाय."