परमिटवरची सही

निवृत्तीनंतर रत्नागिरीला परतलो, तेव्हा मुलीने माझं नाव एका स्वयंसेवी संस्थेत घातलं. मुलगी कॅनडात असते. मीही तिथे सहा वर्षं विजेच्या उपकेंद्रांवर काम केलं होतं. नव्याने तिकडे गेलेल्या आपल्या इंजिनियरांना अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं, हे दर शनिवारी सकाळी व्हिडिओवर सांगायचं. पगार नव्हता. पण पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या माणसाला विजेबद्दल बोलायला मिळतंय म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे राजापूरची एक मुलगी आली. मुलगी म्हणजे चौतिशीची, इथल्या एका खाजगी कंपनीच्या उपकेंद्रात सात वर्षं काम केलेली. नवऱ्याबरोबर तिकडे गेली आणि आता एका बेकरीत पाव पिशव्यांत भरत होती. माझा सकाळचा चहा व्हायचा तेव्हा ती कामावरून येऊन, जेवून बसलेली असायची.

हुशार होती. काहीही विचारा, उत्तर तयार. पण तिकडे हमखास विचारतात तो प्रश्न मी विचारला, की तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा, की ती दुसऱ्याच विषयाकडे वळायची. पहिल्यांदा मला वाटलं, प्रश्न नीट ऐकू गेला नाही. तिसऱ्यांदा तिने कॅमेरा बंद केला आणि म्हणाली, "काका, माझ्या सहीवर एक माणूस वर चढला होता."

लाइन बंद आहे, काम सुरू करा, असं लिहून द्यायच्या कागदाला परमिट म्हणतात. त्या दिवशी लाइनच्या दोन्ही टोकांना अर्थिंग झालंय, म्हणजे तारा जमिनीला जोडल्यात, असं तिला फोनवर कळवलं गेलं. तिने स्वतः जाऊन पाहिलं नाही, सही केली. एका टोकाला ते झालेलंच नव्हतं. वर चढलेला लाइनमन शॉक लागूनही वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. चौकशीत तिघांवर ठपका आला, तिला लेखी समज मिळाली. वर्षभराने तिने नोकरी सोडली. नवऱ्यालाही तिने अर्धंच सांगितलं होतं.

"हेच सांग मुलाखतीत," मी म्हणालो.

बोलून गेलो आणि मलाच माझी लाज वाटली. कारण मी माझं सांगितलं नव्हतं. शेजारच्या भागात माणसं कामाला असताना मी एकदा ब्रेकर चालू करून वीज सोडली होती. कुणाला काही झालं नाही, ते केवळ नशीब. तिकडच्या मुलाखतीत मात्र नकाशा चुकीचा वाचल्याची एक किरकोळ गोष्ट रचून सांगितली, नोकरी मिळाली, आणि पुढची सहा वर्षं साहेबाने केबिनमध्ये बोलावलं की आज ते उघड झालं, असंच वाटायचं. हे सगळं मी तिला सांगितलं. स्वयंपाकघरात बायको नारळ खवत होती, तो आवाज थांबला. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

मुलाखत गुरुवारी होती, आपल्याकडच्या संध्याकाळी. झाल्यावर लगेच कळवते, असं ती म्हणाली होती. निरोप आला नाही. शुक्रवारी फोन केला, वाजून बंद झाला. शनिवारी ती व्हिडिओवर आली नाही. मी मोकळ्या पडद्यासमोर तासभर बसून राहिलो. आधी वाटलं, माझ्यामुळे तिची नोकरी गेली. मग वाटलं, तिचं नाव काळ्या यादीत टाकलं असेल. रविवारी त्याहून वाईट मनात यायला लागलं. तिने स्वतःचं काही बरंवाईट तर करून घेतलं नसेल? नवऱ्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. बायको म्हणाली, "राजापूरला जाऊन तिच्या घरी विचारून या." पण घर कुठलं, तेही मी कधी विचारलं नव्हतं. जेवण जाईना. फोन हातातच घेऊन बसलो होतो, पण वाजला असता तर उचलायचीही भीती वाटली असती.

सोमवारी सकाळी तिचाच फोन आला. नोकरी मिळाली नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आज तसं झालं तर काय कराल एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला. मुलाखतीहून घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानंतर दोन दिवस तिला कुणाशीच बोलवेना. मी माफी मागितली. ती म्हणाली, "नको काका. किती वर्षांनी मला झोप लागली."

चार महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी तिने पुन्हा तेच सांगितलं. तिथे तिला घेतलं, खालच्या पदावर, एका सुपरवायझरच्या हाताखाली. वर्षभर तिला सहीचा अधिकार नव्हता.

तो मिळाला त्या दिवशी, पहिल्या परमिटवर सही करण्याआधी, तिने उपकेंद्राच्या यार्डातून फोन केला. मागे वारा घोंघावत होता. दोन्ही टोकं स्वतः पाहिली, तरी सही होत नाहीये, म्हणाली. मी म्हटलं, "मग आणखी एकदा पाहून ये." तिने फोन ठेवला. मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. पावणेदोन तासांनी निरोप आला, "झालं काका. सगळे खाली उतरले."