समोरच्यालाही सांगणारे काशिनाथकाका

डाउनलोड सुरू झालं की काशिनाथकाका खुर्चीवर बसत नसत. हाताची घडी घालून पडद्यासमोर उभे राहत आणि पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारत, "आज कुठनं येतंय?" डहाणूतल्या माझ्या गेमिंग कॅफेत ते मशीनं सांभाळायचे. त्याआधी कितीतरी वर्षं केबल ओढण्यात गेलेली. रोज उधव्याहून एसटीने यायचे.

गेम उतरवणारं सॉफ्टवेअर आपणहून जवळचा सर्व्हर धरतं, एवढंच मला ठाऊक. काकांना ते पटायचं नाही. "जवळचा हाय म्हणून काय झालं? तिथं गर्दी असंल तर लांबचा बरा. जो लवकर देईल त्याच्याकडनं घ्यायचं."

एका शनिवारी दुपारी मोठं अपडेट आलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पहिलीच स्पर्धा होती, कॅफेतल्या मशीनांवर आपापसात खेळायची, आणि अपडेटशिवाय गेम उघडणारच नव्हता. मुंबईचा सर्व्हर रडतखडत देत होता. काकांनी सेटिंगमध्ये जाऊन चेन्नई निवडलं आणि डाउनलोड पळायला लागलं. मी हुश्श करते तोच काका रस्ता ओलांडून समोरच्या जिग्नेशभाईंच्या कॅफेत गेले आणि त्यांनाही तेच करून देऊन आले. माझं डोकंच फिरलं.

"ताई, त्यांच्याकडंबी लोकं खोळंबलीत ना," ते म्हणाले.

गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलले. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणाले. काकांनी चपला घातल्या आणि निघाले.

संध्याकाळी रस्त्याच्या खोदकामात माझी केबल तुटली. अपडेट अर्ध्यावर. रविवारी सकाळी मी रडकुंडीला आलेली, तेवढ्यात जिग्नेशभाई अपडेट पूर्ण झालेलं आपलं एक मशीन उचलून दारात उभे.

"काकांना फोन करून विचारलं, ताईंचं आता कसं करायचं? ते बोलले, आपलं एक मशीन नेऊन त्यांच्या नेटवर्कला जोडा. बाकीची मशीनं अपडेट त्यातनंच घेतील, इंटरनेटवर जायला नको."

तसंच झालं. स्पर्धा वेळेवर सुरू झाली.

सोमवारी मी उधव्याला गेले. काकांनी अंगणात खाट टाकली, चहा दिला, स्पर्धेची बारीकसारीक चौकशी केली. इतक्या मायेने बोलत होते की माझ्या तोंडून माफीचा शब्दच फुटेना. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणत मी एसटीत चढले. ती खेप झालीच नाही; दोन महिन्यांनी ते गेले. जिग्नेशभाईंनी येऊन सांगितलं.

मला त्यांची माफी मागायची होती. काका कधीचेच विसरले असतील, पण मी नाही विसरले.