आठ दिवसांची हजेरी

पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी आमच्या हॉस्टेलात खाटा चोवीस होत्या, आणि अर्ज दरवर्षी साठाच्या वर. अमरावतीच्या त्या कॉलेजात मी शिकवत होते आणि हॉस्टेलची रेक्टरही होते, म्हणजे खाटा वाटायचं काम माझ्याकडे. पूर्वी ते चिठ्ठ्यांवर चालायचं. कुणाचा मामा कुठल्या समितीवर, कुणाचे काका कुणाच्या ओळखीचे. दोन वर्षं मी ते सहन केलं. तिसऱ्या वर्षी नियम केला.

नियम साधा होता. मार्कांच्या क्रमानं तीस मुलींना कॉलेज सुरू व्हायच्या आठ दिवस आधी बोलवायचं. पहिल्या चोवीस जणींना खाट, उरलेल्या सहा वेटिंगवर. त्या सहा तोवर जेवणाच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपतील. या तिसांनी मिळून हॉस्टेल झाडायचं, खाटांवर नंबर रंगवायचे, प्रयोगशाळा कुठे, लायब्ररी कुठे, फॉर्म कुठे भरायचा हे पाठ करून घ्यायचं आणि बाकीच्या मुली आल्या की त्यांना एसटी स्टँडवरून आणून सगळं दाखवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ रजिस्टरमध्ये सही. एकापेक्षा जास्त दिवस कोणत्याही कारणास्तव गैरहजर राहिल्यास खाट रद्द, ती वेटिंगवरच्या पहिल्या मुलीला.

'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द माझे. प्राचार्य म्हणाले होते, "मॅडम, जरा कडक नाही का होत?"

मी म्हटलं, "कारणं ऐकत बसले की परत चिठ्ठ्या सुरू होतील."

त्यांनी सही केली. नियम छापून सगळ्यांना पोस्टानं गेला.

त्या वर्षी जूनमध्ये पेरलेलं उगवलं आणि करपून गेलं. अर्धा जुलै कोरडा होता. मुली पंख्याखाली बसून नंबरांचे स्टेन्सिल कापत होत्या. दुसऱ्या वर्षाच्या काही मुलींना मी मदतीला घेतलं होतं, त्यांना आधी बजावलं, नव्या मुलींचा परिचय करून घेताना नाव विचारा, गाव विचारा, काय येतं ते विचारा. वडील काय करतात हे विचारायचं नाही. का, असं एकीनंही विचारलं नाही. त्या वर्षांत वऱ्हाडात किती घरांत शेतकरी बापानं जीव दिला होता, ते समजावून सांगावं लागत नसे.

परिचयात एक मुलगी म्हणाली, "मी अकोटच्या जवळची. मले गाद्या भरता येतात."

सगळ्या हसल्या. तीही हसली. घरी चार एकर शेत होतं, आणि अकोटच्या बाजारात वडिलांचं कापूस पिंजायचं मशीन. खोटं वाटत असेल तर तिची स्वतःची गादी बघा, असं तिनं सांगितलं. बघितली. वडिलांनी हॉस्टेलच्या खाटेचं माप पत्रानं मागवून भरलेली होती. खाटेवर अशी बसली की कुठे बोटभर जागा उरली नाही. खाट नंबर सतरा.

हॉस्टेलच्या गाद्यांची अवस्था याच्या उलट होती. कापसाच्या गाठी झालेल्या, मध्ये खड्डे. दरवर्षी आम्ही त्या गच्चीवर उन्हात टाकत असू आणि उचलून परत खाटेवर. तिनं एक गादी दाबून पाहिली.

"मॅडम, उन्हानं काय होते? कापूस दबला आहे. उकलून पिंजा लागते."

"पिंजणार कोण? मशीन कुठंय इथं?"

"मशीन कायले? दोन काठ्या द्या अन् एक दाभण."

काठ्या मावशींनी आणून दिल्या. या मावशी हॉस्टेलच्या स्वयंपाकीण, आणि मुलींना टोचून बोलण्याचा अधिकार त्यांनी स्वतःला देऊन टाकलेला होता. "आईबापानं साहेबीण व्हायले पाठवली, अन् हे पोरगी गाद्या ठोकून राहिली," त्या म्हणाल्या.

"साहेबीण बी गादीवरच निजते न, मावशी," ती म्हणाली, आणि नाकाला ओढणी बांधून कामाला लागली.

खोळ उसवायची, कापूस काढायचा, दोन्ही हातांतल्या काठ्यांनी तो सुटा होऊन उडेपर्यंत झोडपायचा, परत भरायचा, ठोकून सारखा करायचा आणि दाभणानं टाके घालायचे. टाके घालायला तिनं आणखी एकीला शिकवलं. ती चिखलदऱ्याच्या पलीकडच्या गावची. तीन गाड्या बदलून आलेली, फारसं न बोलणारी. वेटिंगवर तिचा नंबर पहिला होता. दोघी व्हरांड्यात समोरासमोर बसत. बाकीच्या मुली जाता-येता 'गादीवाली, गादीवाली' करत. ती म्हणे, "म्हणा, म्हणा. रातच्यानं निजसान तेव्हा दुआ द्या."

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चौदा गाद्या झाल्या होत्या. दहा राहिल्या होत्या. तेव्हा पाऊस आला. दोन तास नुसता ओतत होता. मुलींनी खिडक्या लावल्या, बाहेरचा कापूस आत ओढला. ती मात्र हातातली काठी तशीच धरून पावसाकडे बघत राहिली. मी विचारलं, काय झालं?

"अकोटलेही पाणी आलं असन का, मॅडम?"

आलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं वडील हजर. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. पायऱ्यांखालीच उभे राहिले, वर यायला तयार होईनात.

"मॅडम, पोरीले दोन दिवस द्या. हिच्या अम्मीचा पाय पलस्तरात आहे. मजूर भेटून नाही राहिले, समदा गाव एकाच टायमाले पेरून राहिला. आता सरकी लावली त लावली, नाही त गेलं वर्ष."

"नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"वाचला न. म्हणूनच तर विचारून राहिलो."

नियम सांगितला की आपलं काम संपतं, असा माझा स्वभाव. पण मागे व्हरांड्यात चौदा गाद्या रचून ठेवलेल्या होत्या. मी म्हटलं, एक दिवस तर नियमातच माफ आहे, दुसऱ्याचं मी बघते. आणि तिला म्हटलं, "गादी राहू दे खाटेवर. परवा संध्याकाळपर्यंत ये."

हे सांगायचा अधिकार मला नव्हता. तो अधिकार मीच दोन महिन्यांपूर्वी काढून टाकला होता.

ती परवा आली नाही. कारण मला नंतर कळलं, पण मी वऱ्हाडातली बाई, मला आधीच सुचायला हवं होतं. एवढा पाऊस काळ्या जमिनीवर पडला की लगेच पेरता येत नाही. पाय रुततो, माती चिकटते. वापसा यावा लागतो, म्हणजे ओल हवी तेवढीच राहून जमीन पायाखाली मोकळी व्हावी लागते. ते दोन्ही दिवस ती घरी नुसती बसून होती. आईच्या पायाशेजारी सरकीच्या थैल्या ठेवून, ढगांकडे बघत. सातव्या दिवशी वापसा आला. सातव्या दिवशी आणि आठव्याच्या सकाळी तिनं सरकी लावली.

इकडे रोज सकाळ-संध्याकाळ रजिस्टर माझ्यासमोर येत होतं. सतराव्या ओळीत रिकामी घरं. ती मी भरू शकले असते. पेन हातातच होतं. पण त्या ओळीखाली वेटिंगवरच्या सहा जणींच्या सह्या होत्या, रोजच्या रोज. पहिली सही चिखलदऱ्याकडच्या मुलीची, मोठ्या अक्षरात, नीट. तिचं गाव इतकं लांब की येऊन-जाऊन शिकणं शक्यच नव्हतं. खाट मिळाली नाही तर ती परत जाणार होती.

आठव्या दिवशी सकाळी मी प्राचार्यांकडे गेले. तिथे नरम व्हायची सवय नव्हती मला, त्यामुळे बोलणं धड जमलं नाही. पंचविसावी खाट टाकू म्हटलं. ते म्हणाले, कुठे? जागा मी आदल्या दिवशी टेपनं मोजली होती, बसत नव्हती. हॉलमध्ये झोपू दे म्हटलं. ते म्हणाले, मग वेटिंगवरच्या बाकीच्या पाच जणींना काय सांगू? ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "नियम चांगला आहे, मॅडम. पहिल्यांदाच एकही चिठ्ठी आली नाही यंदा."

चार वाजता यादी लावली. सतरा नंबरसमोर चिखलदऱ्याकडच्या मुलीचं नाव. तिनं यादी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, ही म्हणेल, खाट तिलाच द्या. तसं वाटल्याची लाज वाटली. तिनं का म्हणावं? ती हॉलमध्ये गेली आणि सतरंजी गुंडाळायला लागली.

सहा वाजता अकोटची गादीवाली आली. बोटं बियाण्याच्या औषधानं लाल झालेली. यादी दारातच होती. वाचली, परत वाचली.

"लागली का सरकी?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार!

"लागली, मॅडम. समदी लागली."

मग मी घाईघाईनं बोलत सुटले. गावात खोली बघू, मी स्वतः बघते. ती मान हलवत होती. पुढचे चार दिवस मी खरोखर फिरले. कॉलेजच्या आसपास मुलींना खोल्या देणारी सात घरं मला माहीत होती. खोली रिकामी आहे का विचारलं की हो म्हणत. मुलीचं नाव सांगितलं की कुणाचा भाऊ राहायला येणार असे, कुणाला रंगकाम काढायचं असे. एकीनं तर चहा पाजला आणि मग सांगितलं, "मला काही नाही हो, पण आमच्या सासूबाई." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी बिचाऱ्यांनी एक शब्दही काढला नव्हता.

गादी तिच्या वडिलांनी नेली. डोक्यावर घेऊन निघाले तेव्हा मावशी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या.

अकोल्याला तिची मावशी होती. तिथून ती अप-डाऊन करू लागली. पहाटेची गाडी, बडनेऱ्याला उतरून पुढे ऑटो. पहिल्या तासाला उशिरा यायची, प्रॅक्टिकलमधून लवकर निघायची. वर्गात झोप लागे. मी दिसले की "नमस्ते मॅडम" म्हणायची आणि गाद्या कशा आहेत ते विचारायची. दिवाळीनंतर ती आली नाही. परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आल्यावर मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी मी नियमातले ते दोन शब्द काढले आणि लिहिलं, शेतीच्या कामासाठी चार दिवसांपर्यंत रजा मिळेल. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, पेरण्या जूनमध्येच आटोपल्या. कुणीही रजा मागितली नाही.

चिखलदऱ्याकडची मुलगी तीन वर्षं हॉस्टेलात राहिली आणि पदवी घेऊन गेली. तिच्या शेवटच्या वर्षी अकोटची एक नवी मुलगी आली. तिनं निरोप आणला. बाजारात मशीनवर आता तीच बसते म्हणाली, वडिलांना धुळीचा त्रास होतो. "तिनं विचारलं आहे, गाद्या दबल्या असतीन तर सांगा. म्हणे, येऊन जाईन एक दिवस."

गाद्या दबल्या होत्या. मधले खड्डे परत दिसू लागले होते.

मी म्हटलं, "सांग तिला, चांगल्या आहेत अजून."